टोपी हाय तवर

टोपी माज्या डोक्यावर व्हती. हे आदी सांगून टाकतो, कारन माजं तोंड मला म्हाईत हाय. बोलता बोलता ते अशी वळनं घेतंय की ऐकनारा हसून हसून घरी जातोय आनि मुद्द्याचं तसंच राहतंय. बावीस दिवस मी तेच केलं. शेटपुढं केलं, हवालदारापुढं केलं, घरात रुपालीपुढं केलं, आनि ती तर माजी लग्नाची बायको हाय.

मी जोतिराम. गाव सांगोल्याकडं, घरची मेंढरं. बा अजून मेंढरांमागं फिरतोय आनि मी अकरा वर्षं झाली सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर हाय. कारखाना लई मोठा न्हाय. खाली शेड, निम्म्या शेडवर स्लॅब, स्लॅबवर वॉचमनची खोली. रातपाळीला आठ माग चालायचे. एक ते चार माजे, पाच ते आठ सिद्धरामचे. आमच्यावर मुकादम दिग्विजय, आनि बिघडलेला माग दुरुस्त करायला जॉबर, निंगप्पामामा. वर खोलीत वॉचमनची बायको केराबाई, आमची मावशी, दोन टायमाला चहा करून द्यायची. एवढीच मानसं.

मागांच्या खडखडाटात बोलनं नसतंय. हातानं बोलायचं, न्हायतर व्हटांवरनं वळखायचं. दोन बोटं तोंडाला म्हंजे बिडी, मूठ पोटावर म्हंजे जेवन, दोनी हात डोक्यावर फिरवले म्हंजे समदं बंद करा. सिद्धराम आनि मी सात वर्षं शेजारी शेजारी उभं राहिलो, पन एकमेकाचा आवाज आमाला लाइट गेली तरच ऐकू यायचा. मानूस माज्या अगदी उलटा. मोजून बोलनार, खोलीला कुलूप लावलं की दोनदा वढून बघनार. मी त्याला लई चिडवायचो. "अरं, कुलपाला बी लाज वाटाय लागली," म्हनायचो.

आनि निंगप्पामामाची टोपी. मामा अक्कलकोटच्या पलीकडचा, घरात कानडी बोलनारा. सगळ्यास्नी तम्मा म्हनायचा, तम्मा म्हंजे धाकटा भाऊ. डोक्यावर पांढरी टोपी, तिच्या म्होरल्या बाजूला तेलाच्या अंगठ्याचा काळा डाग. मागाखाली शिरायच्या आदी तो टोपी काढायचा आनि त्या मागाच्या चालू करायच्या हँडलला अडकवायचा. टोपी हाय तवर त्या मागाला कुनी हात लावायचा न्हाय, शेटनं बी न्हाय. काम झालं की मामा भायेर यायचा, टोपी डोक्यावर घालायचा आनि म्हनायचा, "आयतु." आयतु म्हंजे झालं. आवाजात ऐकू यायचं न्हाय, पन टोपी निघाली म्हंजे माग तुजा, चालू कर. शेटनं एकदा 'काम चालू आहे' असा लोखंडी बोर्ड आनला व्हता. तो कुठल्यातरी गठ्ठ्याखाली गेला. बोर्ड कोन बघतोय, टोपी हाय की. एकतीस वर्षांत मामाच्या नखाला धक्का लागला न्हवता.

त्या दिवशी सांजंपासनं मुकादमाच्या तोंडात एकच. पावने धाला श्रीहरीकोट्याहून रॉकेट सुटनार, मोबाइलवर थेट दिसनार. ह्या मानसाला असल्या गोष्टींचा लई नाद. माग चालू असताना कसं बघायचं, असा इचार चालला व्हता. साडेनऊच्या आदी सिद्धरामचा सहा नंबरचा माग अडकला. मामानं टोपी हँडलला लावली आनि खाली शिरला. पाच-धा मिनटांत लाइट गेली. एमआयडीसीत रातची लाइट गेली की तासभर तरी तिचं तोंड दिसत न्हाय. चालू व्हते ते सात माग बी गप झाले आनि कानात नुसती शीळ राह्यली. मुकादम अंधारातनं वरडला, "चला रे वर, वर रेंज येती."

सिद्धराम म्हनला, "तुमी जावा, मी जेवून घेतो." तो जिन्याखाली पोत्यावर डबा घेऊन बसला. मी मोबाइलचा उजेड लावून माज्या मागापाशी चपला घ्यायला गेलो. येताना सहा नंबरवर टोपी दिसली. मी हाक मारली, "मामा, चला की वर, रॉकेट बघू." उत्तर न्हाय. मागांनी मामाचे कान कवाच घालवले व्हते, हे मला म्हाईत व्हतं. मागाखाली उजेड बी न्हवता, पन मामा अंधारात बोटांनी चाचपून काम करायचा, हे बी म्हाईत व्हतं. तरी मी मनाशी ठरवलं, म्हातारा मागच्या नळावर गेला असंल. लाइट न्हाय, माग बंद, मग टोपीचं हितं काय काम. असं डोक्यात आलं म्हंतो खरं, पन खरं सांगायचं तर त्याच्या आदी गम्मत डोक्यात आली व्हती. मी टोपी काढली, शर्टात घातली आनि जिना चढलो. दोन मिनटांनी परत आनून लावू, एवढंच.

वर केराबाईमावशीनं चूल पेटवून चहा ठेवला व्हता. मुकादमानं मोबाइल पान्याच्या टाकीला टेकवून ठेवला. पडद्यावर रॉकेट उभं, खालनं पांढरा धूर, आनि एक मानूस इंग्रजीत शांतपनी कायतरी सांगत व्हता.

मुकादम म्हनला, "पुढं मानसं बी जानार हायत चंद्रावर."

"तितं पानी न्हाय म्हनं," मावशी म्हनली.

मी म्हनलं, "मग सांगोलाच की. निस्तं टँकरचं तेवढं बघा. ग्रामसेवकाचा दाखला संगं घेऊन जा म्हनावं, न्हायतर तितं बी टँकर मिळायचा न्हाय."

"आनि खायाचं काय?"

"कडक भाकरी आनि शेंगाची चटनी. म्हयनाभर काय होत न्हाय त्याला. सोलापूरचा मानूस सोडून दुसरं कुनी पाठवायचंच न्हाय वर."

मुकादम म्हनला, "तितं वजन नसतंय, जोत्या. मानूस तरंगतोय."

"मग शेटला सांगू नका. टॉवेल किलोवर इकतोय तो. वजनच न्हाय म्हनल्यावर बसंल डोक्याला हात लावून. माज्या बाचं मातर चांगलं हुईल. मेंढरं तरंगाय लागली की समद्यास्नी एक दोरी बांधायची, आनि बानं खाली बसून पतंगावानी धरायची."

मावशी हसून हसून चहा गाळायचं इसरली. मला तेवढंच लागतंय. समोरचं मानूस हसाय लागलं की मला थांबता येत न्हाय, हा माजा लहानपनापासनचा रोग हाय. मी नकला करतो. शेटची करतो, मुकादमाची त्याच्याच तोंडावर करतो, यष्टीच्या कंडक्टरची करतो. मामाची कदी केली न्हवती. मला हितं चिकटवला मामानं, मागाचं काम शिकवलं मामानं. पन त्या रात्री शर्टात टोपी व्हती आनि पुढं हसनारी दोन मानसं व्हती.

मोबाइलवरच्या मानसानं आकडे मोजाय सुरवात केली तवा मी टोपी घातली. पाठीत वाकलो, एक हात कमरेवर ठेवला, एक डोळा बारीक केला. आवाज असा निघाला की मला बी नवल वाटलं. तेच नाकातनं बोलनं, तोच कानडी हेल, येन म्हंजे काय, माडु म्हंजे कर.

"येन रे तम्मा, यानाचा कुटला नट ढिला झाला? सरका बाजूला. स्विच बंद माडु. मी खाली शिरतो, बघतो."

मुकादम लगीच शास्त्रज्ञ झाला. "मामा, येळ झाली, यान सोडायचंय."

"कोन सोडतंय बघू की. टोपी अडकवली हाय न्हवं? टोपी हाय तवर यान हलनार न्हाय. जा, दिल्लीवाल्यास्नी सांग जा."

आकडे संपले. पडद्यावर एकदम उजेड झाला, तिघांची बी तोंडं तांबडी दिसाय लागली, आनि रॉकेट उटलं. मुकादम म्हनला, "अरं, मामा आत राह्यला की."

मावशीनं पदर तोंडात कोंबला. मी टोपी दोनी हातांनी धरून स्लॅबवर तरंगाय लागलो. "तम्मा, आयतु, आयतु. आता उतरवा की रे मला खाली."

आमी लई हसलो. माज्या डोळ्यातनं पानी आलं, मुकादम टाकीला धरून बसला. खाली मामा मागाच्या पोटात, उजवा हात दातेरी चक्रात घालून, अंधारात नट शोधत व्हता.

लाइट आली ती तवाच. रोज तासभर न येनारी लाइट त्या दिवशी पंधरा-वीस मिनटांत आली. आमचं काम नगावर. लाइट आली की कुनी कुनाची वाट बघत न्हाय, मागाकडं पळायचं. सिद्धराम खालीच व्हता, तो आदी पोचला. मी जिन्याच्या मदल्या पायरीवर व्हतो, तोंडात हसू तसंच व्हतं, तवा पाच नंबरचा आवाज सुरू झाला. मग सहाचा. सहाचा आवाज दोन ठोक्यांत बदलला.

मी बघितलं तर सिद्धराम दोनी हात डोक्यावर फिरवत व्हता. तोंड उघडं, पन आवाज ऐकू येत न्हवता. मुकादमानं पळत जाऊन मेन स्विच वढला. मग शेड गप झाली आनि मामाचं कन्हनं ऐकू आलं. तो वरडत न्हवता. "अव्वा, अव्वा," असं बारीक चाललं व्हतं. अव्वा म्हंजे आई.

आमी चक्र उलटं फिरवून हात काडला. त्याचं मी जास्त सांगनार न्हाय. मुकादम रिक्षा आनायला पळाला, सिद्धरामनं मामाचं डोकं मांडीवर घेतलं, मावशी टॉवेल फाडत व्हती. मी उटून उभा राह्यलो आनि कपाळावरचा घाम पुसाय गेलो तर हाताला टोपी लागली. समदे खाली वाकलेले. माज्याकडं कुनी बघत न्हवतं. मी टोपी काडली आनि सहा नंबरच्या हँडलला अडकवली.

का अडकवली, हे मी मलाच लई डाव इचारलं. भ्यालो म्हनून. दुसरं काय बी न्हाय.

शेट आला तवा टोपी हँडलला. हवालदार आला तवा टोपी हँडलला. त्यानं मला इचारलं, "टोपी कुठं होती?" मी म्हनलं, "ही काय, हितं." खोटं बी बोललो न्हाय, बघा. सिद्धराम म्हनत राह्यला, टोपी न्हवती, साहेब, मी बघूनच हँडल वढलं, टोपी न्हवती. अजून बी कायतरी तो शेटच्या कानापाशी जाऊन सांगत व्हता, आनि शेटनं त्याला हातानं ढकलून दिलं. एवढी टोपी डोळ्यापुढं लोंबत असताना मानूस न्हवती म्हंतोय, म्हंजे एकतर तो खोटारडा न्हायतर वेडा. शेटनं त्याला त्याच रात्री काडला.

मुकादमाला म्हाईत व्हतं. मावशीला म्हाईत व्हतं. कुनी कुनाला गप बस म्हनून सांगितलं न्हाय. दुसऱ्या दिवशी मावशीनं चहा आनला, कप ठेवला आनि माज्याकडं न बघता गेली. चार दिवसांनी मी मुकादमाला बाजूला घेतलं. तो म्हनला, "अंधारात कुनाच्या डोक्यावर काय व्हतं ते मी न्हाय बघितलं, जोतिराम." रोज जोत्या म्हननारा मानूस त्या दिवशी जोतिराम म्हनला. मावशी म्हनली, "माजा नवरा ह्याच गेटवर हाय रं बाबा, आमी जायाचं कुटं?" तिचं काय चुकलं? त्या दोघांचा गुन्हा एवढाच की माज्या गमतीला हसले.

सिद्धरामला एमआयडीसीत कुनी मागापाशी उभं करून घेईना. जॉबरची टोपी न बघनारा, असं त्याचं नाव झालं. तो नवी पेठेत कापडाच्या दुकानांची वझी उचलाय लागला. पंधराव्या दिवशी त्याची बायको ऋतुजा आमच्या घरी आली. रुपालीनं पाट दिला तर बसली न्हाय, दारातच उभी राहिली.

"भावजी," ती म्हनली, "तुमी तितं व्हता. मला फकस्त खरं सांगा. टोपी व्हती का?"

रुपाली माज्याकडं बघत व्हती. मी म्हनलं, "अंधार व्हता, वहिनी. गोंधळ व्हता."

"ते रातचे उटत्यात. दाराची कडी बघत्यात. परत येऊन झोपत्यात, परत उटत्यात. काल शेगडी बंद हाय का हे मला सात डाव इचारलं. त्यास्नी आता त्यांच्या डोळ्यांचा भरवसा न्हाय राह्यला. आदी म्हनायचे, मी बघितलं बी आनि ऐकलं बी. आता ऐकल्याचं इचारलं तर गप बसत्यात. तुमी टोपी व्हती म्हना, न्हायतर न्हवती म्हना. कायतरी एक म्हना."

मी तिच्या चपलांकडं बघत राह्यलो. ती गेल्यावर रुपालीनं भाकरी थापता थापता इचारलं, "तुमी नकला का करत न्हाय हो आजकाल?" मी ताटावरनं उटलो.

इसाव्या दिवशी दवाखान्यात मामाला बघाय गेलो. उजवा हात मनगटाच्या वरनं गेलेला, त्याला फडकी गुंडाळलेली. ज्या बोटांनी तो अंधारात नट वळखायचा ती बोटं न्हवती. मामा मला बघून जरा उटून बसला. माज्या तोंडाकडं बघून बोलायचा, व्हटांवरनं वळखायला.

"तम्मा," तो म्हनला, "मी टोपी अडकवली व्हती न्हवं?"

"व्हती, मामा."

"मग त्यानं का केलं रे असं? सिद्धरामनं? लई जपून वागनारं पोरगं. टोपी बघून बी हँडल वढलं." मामाच्या डोळ्यांत पानी आलं. "हात गेला ते गेला. पन एकतीस वर्षं मला वाटत व्हतं, ही मानसं माज्या टोपीला मानत्यात. नुसतं वाटत व्हतं म्हनायचं."

मी मोसंबं सोलत बसलो. मामाला एका हातानं सोलता येत न्हाय, म्हनून मी सोलून फोडी देत व्हतो. त्या येळी सांगायला पायजे व्हतं. तोंडावर आलं व्हतं. पन तो माज्या व्हटांकडं बघत व्हता आनि मी व्हट हलवले न्हाईत. निगताना तो म्हनला, "टोपी शेडमदीच राह्यली. आनून दे. हितं बोडकं बसायला बरं वाटत न्हाय."

बाविसाव्या दिवशी मी शेडमदनं टोपी घेतली. मुकादमानं बघितलं आनि तो दुसऱ्या मागाकडं गेला. मी दवाखान्याच्या रस्त्याला लागलो आनि अर्ध्यातनं नीलमनगरकडं वळलो. सिद्धरामची खोली तितं हाय. रस्ताभर मी एकच वाक्य घोकत व्हतो, शाळेतल्या पोरावानी.

सिद्धराम जेवत व्हता. मला बघून हसला. मी घाबरलो, कारन तो लई शांत दिसत व्हता. खांद्यावर वझ्याचं वळ उटलेलं, तोंड मातर निवांत. ऋतुजा चुलीपाशी व्हती.

"ये जोतिराम, बस. बरं झालं आलास. मला आठवलं."

"काय आठवलं?"

"टोपी व्हती." त्यानं घास तोंडात घातला. "परवा वझं उचलताना एकदम डोळ्यापुढं आली. हँडलला लोंबत व्हती, डागासकट. मी बघितली व्हती, तरी हात गेला. असं हुतंय कदी कदी मानसाला. आता बरं वाटतंय बघ. उद्या जाऊन मामाच्या पाया पडनार हाय."

मी उभाच राह्यलो. म्हनलं, "न्हवती टोपी. माज्या डोक्यावर व्हती, सिद्धराम. मी वर नेली व्हती, नक्कल करायला. मागनं मीच परत अडकवली."

त्यानं माज्याकडं बघितलं आनि मान हलवली. "असं नको करू. माजं वझं तू घ्याया आलास, मला कळतंय. तू लई चांगला हायस. पन गमती करायचा तुजा सोभाव, ह्या गोष्टीत नको रे."

"गम्मत न्हाय ही."

"बस, भाकरी खा."

मी अकरा वर्षं त्या शेडमदी लोकांस्नी हसवलं. त्याचा हिशेब असा झाला की मी खरं बोललो तर समोरचा मानूस मला भाकरी खा म्हनला. रुपालीनं बी ऐकलं न्हसतं. मला दुसरं काय बी सुचलं न्हाय. मी खिशातनं मामाची टोपी काडली आनि डोक्यावर घातली. पाठीत वाकलो. एक हात कमरेवर ठेवला. एक डोळा बारीक केला.

"येन रे तम्मा," मी म्हनलं, "यानाचा कुटला नट ढिला झाला? सरका बाजूला. स्विच बंद माडु. मी खाली शिरतो, बघतो."

आवाज तसाच निघाला. जरा बी चुकला न्हाय. चुकला असता तर बरं झालं असतं.

"कोन सोडतंय बघू की. टोपी अडकवली हाय न्हवं? टोपी हाय तवर यान हलनार न्हाय."

सिद्धरामचा हात ताटात थांबला. ऋतुजा पाठमोरी व्हती ती वळली.

"परत म्हन," सिद्धराम म्हनला.

"टोपी हाय तवर यान हलनार न्हाय."

"म्होरलं."

म्होरलं म्हनायला माजी जीभ उचलंना. पन म्हनलं. "तम्मा, आयतु, आयतु. आता उतरवा की रे मला खाली."

सिद्धराम उटून उभा राह्यला. हात खरकटा, तसाच ऋतुजाचा दंड धरला. "हाच," तो म्हनला. "हाच आवाज. आयतु म्हनलेला मी ऐकला, ऋतुजा. वरनं आला व्हता. मी जेवत व्हतो तवा वरनं मामाचा आवाज आला, आयतु म्हनला. मला वाटलं, काम झालं, मामा वर जाऊन चहा पितोय. लाइट आली, मी टोपी बघितली, टोपी न्हाय. मग मी हँडल वढलं. दोनदा बघितलं व्हतं मी. शेटला सांगितलं तर म्हनला, जॉबर मागाखाली व्हता, मग वर काय भूत बोलत व्हतं का रे? म्हनून मी सांगायचं सोडलं. मला वाटलं माजं डोकं फिरलं."

टोपीचं मला म्हाईत व्हतं. आवाजाचं म्हाईत न्हवतं. मी भिंतीला टेकलो. टोपी काडून घेतली म्हनून नुसतं न्हाय, मी वरनं त्याला मामाच्या तोंडानं सांगितलं व्हतं की झालं, चालू कर.

सिद्धराम रडाय लागला. असं रडला की शेजारची बाई दारात येऊन उभी राह्यली. ऋतुजा त्याच्या पाठीवरनं हात फिरवत व्हती आनि माज्याकडं बघत व्हती. ते बघनं मला जलमभर पुरंल. मला वाटलं आता तो मला मारंल. मारलं असतं तर मी हात वर केला नसता.

त्यानं हात धुतला. चपला घातल्या. दाराची कडी त्यानं एकदाच लावली आनि मागं वळून बघितलं न्हाय. "चल," म्हनला.

मी टोपी काडाय गेलो तर त्यानं माजा हात खाली केला. "राहू दे डोक्यावर." आमी रिक्षानं दवाखान्याला गेलो. दारात वळखीचं एक-दोन जन भेटले, मामाची टोपी माज्या डोक्यावर बघून थांबले. तो त्यास्नी वलांडून आत गेला.

मामा खाटंवर बसला व्हता. सिद्धरामला बघून त्यानं तोंड फिरवलं. मग माज्याकडं बघितलं, मग टोपीकडं. जरा हसला बी. त्याला वाटलं, हा आता आपल्याला हसवाय आलाय.

सिद्धराम खाटंच्या पायथ्याला उभा राह्यला. मला म्हनला, "नक्कल नको आता. तुज्या आवाजात सांग."

मामाला नीट दिसावं म्हनून मी त्याच्या तोंडापुढं जाऊन बसलो. त्यानं नजर माज्या व्हटांवर लावली आनि तो वाट बघत राह्यला. मी टोपी काडून त्याच्या डाव्या हातात दिली आनि सांगाय सुरवात केली.